फ्लोरिबुंडा क्रॅब ॲपल आणि सफरचंदाची पैदास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालुस फ्लोरिबुंडा या शोभेच्या झाडाबद्दल लिहायला लागल्यापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे अवघड होत जातात. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. क्रॅब ॲपल म्हणजे नेमकं काय? ते सफरचंदाहून वेगळं झाड आहे का?

दोघांचा जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) एकच, मालुस. फळाचा व्यास पाच सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर क्रॅब आणि जास्त असेल तर सफरचंद, असा व्यवहारातला ढोबळ नियम आहे. ही फक्त आकाराची रेघ आहे. दोघांच्या पेशींत गुणसूत्रांच्या सतराच जोड्या असतात (तिप्पट-चौपट संच असलेले अपवाद दोन्हीकडे सापडतात) आणि त्यांचा आपसांत सहज संकर होतो. खाली जे काही सांगितलं आहे, ते या शेवटच्या गोष्टीमुळेच शक्य झालं.

२. मालुस फ्लोरिबुंडा ओळखायचं कसं?

वसंतात कळ्या धरल्या की ओळख पटते. कळी गडद लालसर गुलाबी असते, उमलताना फिकट गुलाबी होते आणि पूर्ण उघडल्यावर पांढरीकडे झुकते. सगळ्या कळ्या एकदम उमलत नाहीत, त्यामुळे एकाच फांदीवर तिन्ही छटा एका वेळी दिसतात. बहर इतका दाट असतो की खालची फांदी दिसत नाही. ‘फ्लोरिबुंडा’चा अर्थच भरभरून फुलणारं. झाड साधारण चार ते सहा मीटर उंच होतं आणि उंचीपेक्षा रुंदीला जास्त पसरतं. कोवळ्या फांद्या कमानीसारख्या वाकतात. फळं जेमतेम एक सेंटिमीटरची, पिवळी, कधी लालसर छटेची.

फक्त फुलांवरून खात्री धरू नका. शोभेच्या क्रॅबचे शेकडो संकर आहेत आणि बहरात त्यातले कितीतरी एकमेकांसारखे दिसतात. फळांचा आकार आणि रंग बघून मगच नाव पक्कं करा.

३. हे झाड रानात कुठे सापडतं?

खात्रीनं रानटी म्हणता येईल अशी वस्ती माहीत नाही. १८६२च्या सुमारास ते जपानमधून युरोपात आलं. सीबोल्ड या जर्मन वैद्य-वनस्पतीतज्ज्ञाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्या वेळी जपानमध्ये ते बागेतलंच झाड होतं. अनेक अभ्यासक त्याला स्वतंत्र प्रजाती न मानता जुना संकर मानतात, बहुधा मालुस टोरिंगो आणि मालुस बकाटा या दोन आशियाई क्रॅबमधला. मलाही हेच मत पटतं. तरी पैदासकारांच्या वहीत त्याचं नाव आजही प्रजातीसारखंच लिहिलं जातं.

४. फळ खाता येतं का?

विषारी नाही, पण खाण्यात मजाही नाही. आंबट, तुरट आणि आत बियाच बिया. पेक्टिन भरपूर असल्यानं क्रॅबच्या फळांची जेली छान घट्ट होते. त्यासाठी मात्र मोठ्या फळांचे क्रॅब जास्त सोयीचे. सगळ्या सफरचंदांच्या बियांप्रमाणे याच्याही बिया चावून खाऊ नयेत, कारण त्यातल्या द्रव्यापासून सायनाइड तयार होतं. पक्षी मात्र हिवाळ्यात या झाडावर तुटून पडतात.

५. स्कॅब, स्कॅब ऐकतो. हा रोग इतका महत्त्वाचा का?

थंड आणि ओलसर हवामानातल्या सफरचंदाचा हा सर्वांत खर्चिक रोग आहे. व्हेन्चुरिया इनेक्वालिस नावाची बुरशी तो घडवते. पानावर आधी ऑलिव्ह रंगाचे मखमली डाग पडतात, मग ते काळपट होतात. फळावर त्याच्या खरखरीत खपल्या होतात. फळ वाढत असताना खपलीखालची साल ताणली जात नाही, म्हणून ते वेडंवाकडं होतं आणि तडकतं. असं फळ चवीला बरं असलं तरी कुणी घेत नाही.

बुरशी हिवाळा जमिनीवरच्या गळक्या पानांत काढते. वसंतात पाऊस झाला की तिथून बीजाणू उडतात आणि कोवळ्या पानांवर बसतात. लागण होण्यासाठी पान ठरावीक तास ओलं राहावं लागतं. १९४४ मध्ये मिल्स यांनी याचा तक्ता मांडला. तापमान वीस अंशांच्या आसपास असेल तर साधारण नऊ तास, दहा अंशांवर चौदा तास. म्हणजे एक पावसाळी रात्र पुरते. म्हणूनच ओल्या प्रदेशात हळव्या वाणांवर हंगामात दहा-पंधरा वेळा बुरशीनाशक फवारावं लागतं. हा खर्च आणि ही रसायनं टाळता येतील का, या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर फ्लोरिबुंडानं दिलं.

६. शोभेच्या झाडातला गुण खाण्याच्या सफरचंदात आला कसा?

ही गोष्ट मला फार जवळची आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सी. एस. क्रँडल यांनी १९१४ मध्ये ‘रोम ब्यूटी’ या सफरचंदाचा संकर फ्लोरिबुंडाच्या एका झाडाशी केला. त्या झाडाचा क्रमांक होता ८२१. त्यांना स्कॅबचा बंदोबस्त करायचा नव्हता. सफरचंद आणि क्रॅब एकत्र आले की पिढीत काय काय उतरतं, याचा त्यांचा व्यापक अभ्यास चालला होता. १९२६ मध्ये त्यांनी त्या संकरातली दोन भावंडं एकमेकांशी संकरित केली. निघालेली फळं छोटी होती, बाजाराच्या कामाची नव्हती. अशी झाडं उपटून जागा मोकळी करायची, हाच बहुतेक बागांचा शिरस्ता. ही राहिली.

१९४०च्या दशकाच्या सुरुवातीला एल. एफ. हफ यांच्या लक्षात आलं की भोवतीची झाडं स्कॅबनं काळवंडली असताना या कुळातली काही झाडं स्वच्छ आहेत. त्यांनी रोपांची मोजणी केली. रोगी आणि निरोगी असे दोन स्पष्ट गट पडले. असे सरळ दोन गट पडतात तेव्हा मागे एकच प्रभावी जनुक असण्याची शक्यता मोठी असते. हफ यांचं निरीक्षण १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी परड्यू विद्यापीठातले जे. आर. शे आणि हफ यांनी संयुक्त काम सुरू केलं. हफ पुढे रटगर्स विद्यापीठात गेले आणि परड्यू, रटगर्स, इलिनॉय असा तिघांचा कार्यक्रम उभा राहिला. तिघांची आद्याक्षरं मिळून इंग्रजीत ‘प्री’ होतं. प्रिमा, प्रिसिला, प्रियाम, प्रिस्टीन या वाणांच्या नावांत ती अक्षरं जपलेली आहेत.

‘प्रिमा’ला नाव मिळालं १९७० मध्ये. पहिल्या संकरापासून छप्पन्न वर्षांनी. क्रँडल यांना या परागांत काय दडलं आहे याची कल्पना नव्हती, आणि ज्यांना ती आली त्यांनी पहिलं झाड लावलेलं नव्हतं.

७. नर्सरीतून आणलेलं फ्लोरिबुंडा म्हणजे ते ८२१च का?

नाही. ८२१ हे एका विशिष्ट झाडाचं आणि त्याच्या कलमांचं नाव आहे. त्याच प्रजातीच्या नावानं विकलं जाणारं दुसरं झाड तितकंच प्रतिकारक असेल असं धरून चालू नका. संकरासाठी हवं असेल तर जनुकसंग्रहातून, नोंद तपासूनच काडी घ्या. अंगणात शोभेसाठी हवं असेल तर फरक पडत नाही.

८. कुठे ‘व्हीएफ’ लिहितात, कुठे ‘आरव्हीआय ६’. ही दोन जनुकं आहेत का?

जनुक एकच. ‘व्हीएफ’ जुनं नाव: ‘व्ही’ व्हेन्चुरियाचा, ‘एफ’ फ्लोरिबुंडाचा. स्कॅबविरोधी जनुकांची संख्या वाढल्यावर सगळ्यांना क्रमवार नावं दिली गेली, त्यात हे आरव्हीआय ६ झालं. ते पहिल्या गुणसूत्रावर आहे. ८२१मध्ये आणखी एक जनुक आहे, आरव्हीआय ७. त्याची हकिगत प्रश्न १३ मध्ये.

९. मण्याएवढ्या आंबट फळापासून मोठं गोड सफरचंद कसं मिळवलं?

दर पिढीत चांगल्या सफरचंदाशी पुन्हा संकर करून. पहिल्या संकरात क्रॅबचा वाटा निम्मा असतो. भावंडांचा आपसांत संकर केला तरी तो सरासरीनं निम्माच राहतो, म्हणून १९२६ची फळंही लहानच होती. त्यानंतर प्रत्येक संकरात वाटा अर्धा होतो: पंचवीस टक्के, साडेबारा, सव्वासहा, मग तीनच्या आसपास. प्रत्येक पिढीत साधारण निम्म्या रोपांत जनुक उतरतं. ती रोपं ठेवायची आणि त्यातून फळाला उत्तम तेवढीच पुढे न्यायची.

इथे एक मेख आहे. गहू-भातात परत परत त्याच वाणाशी संकर करता येतो. सफरचंद स्वतःच्या परागानं फळत नाही आणि जवळच्या नात्यातल्या संकरानं संतती दुबळी होते. म्हणून दर पिढीला वेगळं सफरचंद घ्यावं लागतं. परिणामी शेवटी जुनं ‘रोम ब्यूटी’ अधिक एक जनुक असं काही मिळत नाही. मिळतं ते पूर्ण नवं वाण, आणि त्याची चव नव्यानं लोकांच्या गळी उतरवावी लागते. माझ्या मते ही वाणं बाजारात मागे राहण्याचं हे खरं कारण आहे. चवीला ती कमी आहेत म्हणून असं झालेलं नाही. ग्राहक सफरचंद नावानं मागतो, आणि हे नाव त्यानं ऐकलेलं नसतं.

१०. संकर प्रत्यक्षात करतात कसा?

फुलणार-फुलणार अशी फुग्यासारखी टपोरी झालेली कळी निवडायची. नखानं किंवा चिमट्यानं पाकळ्या आणि त्यांच्याबरोबर वीसेक पुंकेसर खुडून टाकायचे. मध्ये पाच हिरवट कुक्षीवृंतांचा झुबका तेवढा उरतो. हात हलका हवा. बुडाला नख लागलं तर फळ धरत नाही. दुसऱ्या झाडाचे पुंकेसर आदल्या दिवशी कागदावर पसरून ठेवलेले असतात. रात्रीतून ते फुटतात आणि पिवळी पूड सुटते. ती बोटाच्या टोकानं कुक्षीवर टेकवायची. पाकळ्या नसल्यानं मधमाश्या त्या फुलाकडे फारशा फिरकत नाहीत, म्हणून अनेक जण पिशवीही बांधत नाहीत.

फळात साधारण दहापर्यंत बिया मिळतात. त्या ओल्या वाळूत दोन-तीन महिने थंडीत ठेवाव्या लागतात, नाहीतर रुजत नाहीत. रोपाला चार-पाच पानं आली की त्यावर बुरशीच्या बीजाणूंचं पाणी फवारून दोन दिवस दमट ठेवायचं. दोन-तीन आठवड्यांत निकाल लागतो. ट्रेमधली निम्मी रोपं मखमली डागांनी भरलेली आणि शेजारची निम्मी हिरवीगार असं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी ती दोनदा मोजली होती. आता बऱ्याच ठिकाणी पानाचा तुकडा घेऊन डीएनए खुणेवरूनच निवड होते. फळाची वाट मात्र पाहावीच लागते. बियांपासूनचं झाड फळायला चार ते आठ वर्षं घेतं. त्याचा डोळा (सालीसकट काढलेली कळी) बुटक्या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी घेतलेल्या दुसऱ्या झाडावर, भरला तर थोडं लवकर.

११. फ्लोरिबुंडाच्या वंशातली कोणती वाणं आज लावली जातात?

‘प्रिमा’ आता मुख्यतः इतिहासात. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा केंद्राचं ‘लिबर्टी’ (१९७८), फ्रान्सचं ‘फ्लोरिना’, चेक प्रजासत्ताकाचं ‘टोपाझ’, नेदरलँड्सचं ‘सँताना’, जर्मनीतल्या पिल्निट्झची ‘रेवेना’, ‘रेआंडा’ ही मालिका आणि परड्यू-रटगर्स-इलिनॉयचं ‘गोल्डरश’. युरोपातल्या सेंद्रिय बागांत ‘टोपाझ’नं चांगलं बस्तान बसवलं. मला स्वतःला ‘गोल्डरश’ आवडतं. तोडल्या तोडल्या करकरीत आंबट लागतं, दोन-तीन महिने थंडीत ठेवलं की गोडी आणि सुगंध उतरतो.

१२. ही वाणं जनुकसुधारित आहेत का?

नाही. प्रश्न ११ मधली सगळी वाणं हातानं पराग लावून मिळवलेली आहेत. गोंधळ होण्याचं कारण वेगळं आहे. २००४ मध्ये संशोधकांनी फ्लोरिबुंडाचं हे जनुक वेगळं करून ‘गाला’त घातलं आणि ‘गाला’ स्कॅबला प्रतिकारक झालं. हेच ते जनुक, याचा तो पुरावा ठरला. पुढे स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये परका डीएनए मागे न ठेवता असं ‘गाला’ तयार झालं. ती संशोधनातली झाडं आहेत.

१३. फ्लोरिबुंडाची प्रतिकारशक्ती मोडली असं वाचलं. खरं आहे का?

काही ठिकाणी, हो. आणि ती कशी मोडली हे समजून घेण्यासारखं आहे.

या जनुकापासून तयार होणारं प्रथिन पेशीच्या वेशीवर पहारा देतं. बुरशीची एक विशिष्ट खूण ओळखली की ते धोक्याची सूचना देतं आणि पान लागण अडवतं. पण बुरशीनं ती खूणच बदलली किंवा टाकून दिली, तर पहारेकऱ्याला काही दिसत नाही. स्कॅबची बुरशी दर हिवाळ्यात गळक्या पानांत लैंगिक पुनरुत्पादन करते, म्हणजे दरवर्षी नवी सरमिसळ.

जर्मनीतल्या आरेन्सबुर्गमध्ये व्हीएफ असलेल्या झाडांवर स्कॅब आढळला आणि १९९३ मध्ये या बुरशीची नोंद ‘वंश ६’ म्हणून झाली (वंश म्हणजे कोणत्या झाडांना लागण करू शकते यावरून ठरवलेला त्याच बुरशीचा प्रकार). गंमत अशी की हा वंश ‘प्रिमा’ला लागला, पण मूळ ८२१ झाडाला लागला नाही. म्हणजे मूळ झाडाकडे दुसरंही संरक्षण होतं. तेच आरव्हीआय ७. पिढ्यानपिढ्या संकर करताना सगळ्यांचं लक्ष एका जनुकावर होतं, दुसरं बहुतेक वाणांत उतरलंच नाही. १९९४ मध्ये इंग्लंडमधून ‘वंश ७’ची नोंद आली. तो ८२१लाही लागतो. पण तो ‘गोल्डन डिलिशस’ला लागत नाही, कारण तिथे आरव्हीआय १ हे तिसरंच जनुक आडवं येतं. स्कॅबला हळवं म्हणून प्रसिद्ध असलेलं झाड या एका वंशापुढे ताठ उभं राहतं!

म्हणून आज पैदासकार एका वाणात दोन-तीन वेगळी जनुकं एकत्र आणतात. बुरशीला मग सगळी कुलुपं एकाच वेळी उघडावी लागतात. व्हीएफ टाकाऊ झालं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कित्येक बागांत ते अजून काम करतं आहे. त्याला एकट्यानं लढायला लावणं ही चूक होती.

१४. माझं झाड व्हीएफ वाणाचं आहे, तरी पानावर पिवळे डाग आले. प्रतिकारशक्ती मोडली का?

लगेच तसं समजू नका. व्हीएफची झाडं काही वेळा लढताना डाग दाखवतात: पिवळसर, सुरकुतलेले, मध्ये करपलेले, क्वचित थोडे बीजाणूही. भिंगातून बघा. डागावर ऑलिव्ह रंगाची दाट मखमल असेल, डाग पसरत असेल आणि फळांवरही खपल्या असतील, तर शंका रास्त आहे. अशी पानं कागदात गुंडाळून जवळच्या वनस्पतीरोग प्रयोगशाळेत द्या. डाग तपकिरी, काळ्या ठिपक्यांचे असतील आणि पानं अवेळी पिवळी पडून गळत असतील, तर तो बहुधा वेगळा रोग आहे. पुढचा प्रश्न पाहा.

१५. अशी वाणं लावली की फवारणी पूर्ण बंद करता येते का?

माझा सल्ला: नाही. दोन कारणं आहेत. पहिलं, हे जनुक फक्त स्कॅबचं आहे. ‘गोल्डरश’ला सीडार तांबेरा होतो, ‘टोपाझ’च्या बुंध्याला कूज लागते. शिवाय स्कॅबसाठीच्या फवारण्यांनी आजवर दबलेले रोग मोकळे होतात. फळावरची काजळी, माशीच्या विष्ठेसारखे दिसणारे ठिपके आणि मार्सोनिनाची पानगळ ही त्यातली नेहमीची नावं.

दुसरं, वसंतात बीजाणूंचा मारा जोरात असतो त्या काळात दोन-चार फवारण्या केल्या तर नव्या वंशाला पाय रोवायला वाव मिळत नाही. शरद ऋतूत गळलेली पानं गोळा करणं, बारीक चिरडणं किंवा त्यावर पाच टक्के युरिया फवारणं हेही तितकंच मोलाचं. जनुक जपायचं तर पालापाचोळ्यापासून सुरुवात करावी लागते.

१६. बागेत परागासाठी क्रॅब लावले तर माझी सफरचंदं आंबट किंवा बारीक होतील का? आणि त्यांना रोगप्रतिकार मिळेल का?

दोन्हीचं उत्तर नाही. आपण खातो तो गर आईच्या झाडाचा भाग असतो, परागाचा वाटा फक्त बियांत जातो. त्यामुळे क्रॅबच्या परागानं चव बिघडत नाही आणि प्रतिकारही फळात उतरत नाही. उलट भरपूर फुलणारा क्रॅब उत्तम परागदाता असतो. ‘एव्हरेस्ट’, ‘स्नोड्रिफ्ट’ यांसारखे क्रॅब बागांत याच कामासाठी लावतात. बहराची वेळ मात्र जुळली पाहिजे.

१७. ‘गाला’चं कलम फ्लोरिबुंडाच्या खुंटावर केलं तर ‘गाला’ला स्कॅब होणार नाही ना?

होईल. हा पहारा पेशीपेशीत असतो, रसातून वर चढत नाही. खुंटाची पानं निरोगी राहतील, कलमाची नाहीत. खुंटाच्या रोगप्रतिकारासाठी दुसरा एक क्रॅब कामाला आला आहे, ‘रोबस्टा ५’. जिनिव्हाचे जी ४१ आणि जी ११ हे खुंट त्याच्यापासून झाले आणि फायर ब्लाइट या जिवाणूजन्य करप्याला ते चांगले टिकतात.

१८. उष्ण प्रदेशात हे झाड फुलेल का?

कठीण आहे. कळ्या नीट फुटायला हिवाळ्यात बराच काळ थंडी लागते. ती मिळाली नाही तर झाड जगतं, पण बहर तुटक येतो आणि पानंही अर्धवट फुटतात.

१९. सगळ्याच क्रॅबचा असा संकरासाठी उपयोग होतो का?

नाही, आणि हा सापळा नवख्यांना हमखास अडकवतो. मालुस हुपेहेन्सिससारखे काही क्रॅब फलनाशिवायच बी धरतात. बी पेरलं की आईचीच हुबेहूब प्रत मिळते. अशा झाडाला आई म्हणून घेतलं तर तुमचा पराग बहुतेक वेळा वायाच जातो. फ्लोरिबुंडाचं बी तसं नसतं, ते सरळ फलनातून होतं. म्हणूनच त्याची रोपं एकमेकांसारखी निघत नाहीत. नर्सरीवाले ते बियांऐवजी डोळा भरून वाढवतात ते यासाठी.

२०. घरच्या फ्लोरिबुंडाच्या बिया पेरल्या तर काही उपयोगाचं सापडू शकतं का?

सापडू शकतं. फळ चांगलं निघण्याची आशा धरू नका, पण रोपं वाढवा. पहिल्या दोन वर्षांत एकदाही बुरशीनाशक मारू नका, नाहीतर कोण कणखर आणि कोण नुसतं वाचलेलं हे कळणार नाही. प्रत्येक रोपाला क्रमांक द्या, न पुसणाऱ्या पेन्सिलीनं पत्र्याच्या पट्टीवर. ओल्या वसंतानंतर प्रत्येकाची पाच-सहा पानं उलटसुलट करून पाहा आणि वहीत तारीख टाकून लिहा. एखादं रोप सलग दोन-तीन ओल्या वर्षांत स्वच्छ राहिलं, तर त्याच्या काड्या दुसऱ्या जागीही कलम करून ठेवा आणि मग एखाद्या फळसंशोधन केंद्राला कळवा. पत्र लिहिताना झाडाचं वर्णन थोडक्यात करा, वहीतली पानं मात्र सगळी जोडा.